अक्षता गिळणारी चिंबोरी

अंकाच्या संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "आजी, तुमचा व्यवसाय काय लिहू?"

मी म्हटलं, "झाडू."

मग त्या फार जपून म्हणाल्या, "म्हणजे... नगरपालिकेत होतात का?"

"नाही हो. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी आपोआप फिरणारा झाडू. पाण्याच्या ओढीवर चालतो. तो मी कागदावर काढायचे. मेकॅनिकल डिझायनर म्हणतात."

एवढ्यावर त्यांनी ही पानं माझ्या नावावर टाकली. त्यांना बहुतेक वाटलं असावं, की बाई पोहण्यात पटाईत असणार. तर ते आधीच सांगून टाकते. मला पोहता येत नाही. गुडघ्याच्या वर पाणी आलं की मला देव आठवतात, तेही घाईघाईत आणि भलत्याच क्रमाने.

आणि हा उद्योग कुठे, तर मीरा रोडला. ज्या गावात टँकरचा हॉर्न ऐकून माणसं अंघोळीला उठतात, तिथे मी ऐन उमेदीची वर्षं लोकांच्या पोहण्याचं पाणी स्वच्छ कसं राहील या काळजीत घालवली. घरी येऊन मात्र बादलीत किती पाणी उरलंय ते बघून केस धुवायचे. आमचे हे म्हणायचे, "तुझ्या त्या यंत्राला आपल्या टाकीत सोड की." टाकीत पाणी असतं तर सोडलं असतं.

त्या काळातल्या स्वतःबद्दल 'मी' असं लिहायचं मला जिवावर येतं. पस्तिशीतली बाई, कडक इस्त्रीची सुती साडी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली, कुणी काही विचारलं की आधी चष्मा काढून पुसायचा आणि मग उत्तर द्यायचं. तिला हाटकेश भागातल्या आमच्या कारखान्याच्या गाळ्यात सगळे मॅडम म्हणायचे, आणि तिला ते मनापासून आवडायचं. म्हणून मीही तिला मॅडमच म्हणते. तिच्या करणीची जबाबदारी तिच्यावर.

आता हा झाडू काय असतो ते सांगते. तलावाला एक पंप असतो. तो भिंतीतल्या भोकातून पाणी ओढतो, गाळतो आणि परत सोडतो. त्या भोकाला एक लांबलचक, वळ्यावळ्यांचा, तरंगणारा पाइप जोडायचा आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला आपलं यंत्र लावून तळाशी सोडायचं. यंत्राला मोटर नाही, वायर नाही, बॅटरी नाही. पंप जी ओढ लावतो तेवढंच त्याचं भांडवल. त्या ओढीवर त्याने तळाला चिकटून कचरा खायचा आणि त्याच ओढीवर पुढेही सरकायचं.

खरी गोम इथेच आहे. जे चिकटतं ते सरकत नाही, आणि जे सरकतं ते चिकटत नाही. मग करायचं काय? यंत्राच्या गळ्यात एक झडप बसवायची. पाणी ओढीने आलं की झडप बंद होते. पाइपातून धावणारं पाणी एकदम अडतं, आणि सकाळी पाणी सुटल्यावर कुणी नळ झटक्यात बंद केला की भिंतीतला पाइप जसा धाडकन हादरतो, तसा धक्का बसतो. त्या धक्क्याने यंत्र बोटभर पुढे जातं. झडप उघडते, यंत्र परत चिकटतं. परत बंद, परत धक्का. टक्, टक्, टक्. असं ते दिवसभर चालतं.

कुठे जायचं हे त्याला कुणी सांगत नाही. पाइपाचं वजन ओढेल तिकडे, भिंत अडवेल तिथून वळून. आमच्या ह्यांना भाजी आणायला पाठवलं की ते जसे बाजारात फिरायचे, तसंच. फरक एवढाच, की यंत्र शेवटी सगळं घेऊन यायचं.

हल्ली स्वतः नकाशा आखून फिरणारे रोबो आलेत. आमच्या सोसायटीतही एक आहे. फार शहाणा आहे. मला तो आवडत नाही. कारण विचारू नका, मत्सर आहे.

तेव्हा आमच्या गाळ्यात पाइपाच्या जोडण्या आणि झडपा बनायच्या. मालक प्रवीणभाई. माणूस भला, पण नवीन काही म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडायच्या. जोडण्यांबरोबर आम्ही परदेशी झाडू दुरुस्तही करून द्यायचो, आणि मॅडमच्या डोक्यात हवा गेली ती त्या दुरुस्तीपायी.

झालं असं, की मीरा रोडच्या एका टॉवरमधून तक्रार आली. यंत्र सगळा तलाव सोडून एकाच कोपऱ्यात जाऊन बसतं. मॅडम गेल्या. सोसायटीचे सेक्रेटरी काठावर होकायंत्र घेऊन उभे होते.

"मॅडम, ये मशीन वास्तु देखके चलता है क्या? रोज नैऋत्य कोने में जाता है."

मॅडमनी चष्मा पुसला. मग तळाचा उतार, पाण्याचे प्रवाह, घर्षण यावर असं काही व्याख्यान दिलं की पोहायला आलेली माणसंही पाण्यातून डोकी वर काढून ऐकत राहिली. उपाय मात्र एकही सुचेना. जाताना पाइप पायात यायला लागला म्हणून वैतागून त्यांनी तो उन्हात सरळ पसरून ठेवला आणि चहा प्यायला गेल्या. परत येऊन जोडला तर यंत्र सगळीकडे फिरायला लागलं! वॉचमन रोज पाइप घट्ट गुंडाळून ठेवायचा. प्लॅस्टिकला त्या गुंडाळीची सवय लागली होती, आणि ते पाण्यातही यंत्राला एकाच बाजूला वळवत होतं. उन्हाने सवय मोडली.

सेक्रेटरी म्हणाले, "कमाल कर दिया!" मॅडम म्हणाल्या, "अनुभव आहे." आणि गाळ्यावर येऊन त्यांनी प्रवीणभाईंना सांगितलं, "आपण आपला स्वतःचा झाडू बनवायचा. मी काढते."

प्रवीणभाईंनी महिनोन्महिने टाळाटाळ केली. शेवटी म्हणाले, "जुओ मॅडम, बघा, एक नमुना हाताने घडवून देतो. एक गिऱ्हाईक तुम्ही शोधा. त्याच्या तलावात नीट चालला, तर मी साचा काढतो. नाय चालला, तर पाइपच्या जोडण्या काय वाईट हाय?"

साचा म्हणजे ज्यात प्लॅस्टिक ओतून एकसारखे नग काढतात तो पोलादी ठोकळा. एकदा साचा निघाला की यंत्र जन्माला आलं. साचा नाही, तर मॅडमचं यंत्र म्हणजे नुसता गुंडाळून ठेवलेला कागद, आणि मॅडम जन्मभर जोडण्या काढणार. इतकं सरळ होतं ते.

नमुना झाला. मॅडमचा जीव त्यातल्या झडपेत होता. कडक प्लॅस्टिकची, पितळी खिळीवर झुलणारी, बसायच्या जागेवर अशी नेमकी मिटणारी की मध्ये केसाइतकी फट. गाळ्याच्या मागच्या सिमेंटच्या हौदात तिची परीक्षा झाली. कडुनिंबाची पानं खाल्ली, वाळू खाल्ली, शेजारच्या सलूनमधले केस खाल्ले. मॅडमनी हौदापाशी हाताची घडी घालून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून आहे. बघितला की मला हसू येतं. जणू काही बाईंनी धरण बांधलंय.

शफीकभाई आमचे रबरवाले. वायसर, पट्ट्या असं सगळं ते ओतून द्यायचे. त्यांना मॅडमनी विचारलं, "कैसा है?"

"अच्छा है. रबर कम है, अच्छा है. रबर धोका देता है मॅडम. मैं बेचता हूं, मुझे मालूम है."

गिऱ्हाईक मिळालं ते घोडबंदरचे पाटील. पूर्वीची भातशेती, थोडं मिठागर, आता त्याच जमिनीवर लग्नाचं लॉन आणि लॉनला लागून नवाकोरा पोहण्याचा तलाव. लॉनवरचं पहिलं लग्न त्यांच्याच मुलीचं. लग्न दुपारी, संध्याकाळी रिसेप्शन, आणि रिसेप्शनला नवरानवरी बसणार ते तलावाच्या काठी, पाण्यात दिवे सोडलेले, तळातून लाइट.

"मॅडम, टेन्शन न्हाय ना?" पाटील म्हणाले. "संध्याकाळी पाणी काचेसारखा दिसला पायजे. सगळा गाव येनार हाय."

"निश्चिंत राहा," मॅडम म्हणाल्या. प्रवीणभाईंनाही त्यांनी संध्याकाळचं बोलावलं. पाणी बघा आणि साचा काढायला सांगा.

लग्नाच्या सकाळी मॅडम पैठणी नेसून, गजरा माळून हजर. यंत्राच्या कौतुकाला आपण शोभून दिसलं पाहिजे ना. हळदीच्या रात्री पोरांनी तलावात उड्या मारल्या होत्या. आंब्याची पानं, धूळ, फुटलेले फुगे सगळं तळाशी. यंत्र पाण्यात सोडलं, आणि खरं सांगते, राजासारखं चाललं. टक्, टक्, टक्. पाठीमागे स्वच्छ पट्टा उमटत जायचा. बघायला माणसं गोळा झाली.

पाटलांच्या आई काठावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, नाकात नथ. बराच वेळ बघून म्हणाल्या, "गो बाय, ही तुजी चिंबोरी बरी चालते."

चिंबोरी म्हणजे खेकडा. खाडीकाठच्या बाईला तळाशी तिरपं तिरपं चालणारं दुसरं काय आठवणार?

"चिंबोरी नाही आजी, ऑटोमॅटिक सक्शन क्लीनर आहे तो."

"तीच ती. चिंबोरी."

दुपारी मंगलाष्टकं सुरू झाली. मांडव तलावाच्या अगदी काठाला, कारण पाटलांना फोटोत मागे पाणी हवं होतं. मॅडम पलीकडच्या काठावर आपल्या यंत्रापाशी उभ्या. 'सावधान' झालं आणि शेकडो हातांनी अक्षता उडाल्या. खाडीवरून वारा येत होता. त्याने त्यातल्या निम्म्या उचलून पाण्यात टाकल्या. आणि मॅडम? मॅडमनीही हौसेने मूठ भरून, तलावाच्या या काठावरून, नवरानवरीच्या दिशेने जोरात अक्षता फेकल्या. एकही दाणा नवरीपर्यंत पोचला नाही. सगळी मूठ डुबुक. पुढच्या 'सावधान'ला परत मूठ, परत डुबुक. फेकताना हसत होत्या. व्हिडिओत आहे.

मंगलाष्टकं संपली, वाजंत्री वाजली, आणि मॅडमनी खाली बघितलं. तळभर लाल दाणे. निळ्या तळावर गोवर उठल्यासारखा. पान रात्रभर भिजून मग बुडतं, तांदूळ टाकल्याबरोबर तळ गाठतो. हे मला स्वयंपाकघरात रोज दिसायचं, पण मॅडम स्वयंपाकघरात मॅडम नसायच्या ना.

तरी त्यांना काळजी वाटली नाही. कचरा तो कचरा. यंत्र दाण्यांवर गेलं. टक्, टक्, ट... आणि बसलं.

"गो बाय," खुर्चीवरून आवाज आला, "चिंबोरी थकली का काय?"

मॅडमनी पंपाची ओढ वाढवली. यंत्र पालीसारखं तळाला चिकटलं, हलेना. ओढ कमी केली, तर ते तळ सोडून तरंगायला लागलं. परत वाढवली, तर भिंतीवर चढलं, पाण्याबाहेर तोंड काढून हवा ओढली आणि तिकडे पंप सुकून बोंबलायला लागला.

"पोट भरला आसंल तिचा," पाटलांच्या आई म्हणाल्या. "लग्नाचा जेवान जेवली. घे बाहेर, झोपू दे."

बाहेर घ्यायचं तर यंत्र पायऱ्यांपासून लांब अडकलेलं. मॅडमनी पैठणी खोचली, कठडा दोन्ही हातांनी धरला आणि तलावाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. एक पायरी, दुसरी पायरी. पाणी गुडघ्याला. देव आठवायला लागले. एका हाताने कठडा, दुसऱ्या हाताने पाइप ओढायचा. व्हिडिओवाल्याला वाटलं, काही तरी विधी चाललाय. तो कॅमेरा घेऊन समोर आला.

"काकू, जरा इकडे बघा. स्माइल."

मॅडमनी बघितलं. पाटलांच्या मुलीच्या लग्नाच्या व्हिडिओत नवऱ्याकडच्या वऱ्हाडाच्या लगेच नंतर एक पैठणीतली बाई पाण्यात उभी राहून दात ओठ खातेय, ती मी. म्हणजे मॅडम.

यंत्र उघडलं. त्या लाडक्या झडपेच्या आणि तिच्या बसायच्या जागेच्या मध्ये, त्या केसाइतक्या फटीत, तांदळाचे दाणे बसले होते. दातात अडकतात तसे. आणि पाण्यात राहून फुगले होते. झडप ना मिटत होती ना उघडत होती. केसाइतकी फट मी कागदावर फार कौतुकाने काढली होती. तिच्या शेजारी एखादा दाणा काढून बघायची गरज मला वाटली नव्हती. कडुनिंब आठवला, सलूनमधले केस आठवले. पोहण्याच्या तलावाच्या काठी मराठी माणूस लग्न लावेल आणि अक्षता टाकेल, हे आठवलं नाही. टाकणाऱ्यांत आपणही असू, हे तर नाहीच.

दाणे टोकरून काढले, परत सोडलं. चार हात जाऊन परत बसलं. परत काढलं, परत बसलं. पाटील येऊन उभे राहिले. दोनदा घड्याळ बघितलं.

"मॅडम," शेवटी म्हणाले, "मानसं उतरवू का तलावात? जाळ्या हायेत माजेकडं."

"थोडा वेळ द्या," मॅडम म्हणाल्या, आणि जाऊन जेवणाच्या मांडवात कोपऱ्यात बसल्या. कुणीतरी हातात पियूषचा ग्लास दिला, पातळ नळी घातलेला. पियूष होतं घट्ट. ओढलं, तर नळी चपटी झाली आणि काहीच येईना. सोडलं, तर फट्कन गोल झाली. परत ओढलं, परत चपटी. परत सोडलं, परत गोल. दोन-तीनदा असं झाल्यावर मॅडम ग्लासाकडे बघत बसल्या. वाढपी म्हणाला, "काकू, दुसरी नळी देऊ?"

"नको," मॅडम म्हणाल्या. "हीच पाहिजे."

झडप नकोच. खिळी नको, बसायची जागा नको. गळ्यात मऊ रबराची एक नळी घातली, तर ओढीने ती आपोआप चपटी होईल, पाणी अडेल, धक्का बसेल, आणि ती परत गोल होईल. ओठासारखी. आणि ओठात तांदळाचा दाणा अडकत नाही. तो आत जातो.

मॅडम तशाच रिक्षात बसल्या आणि काशीमीऱ्याला गेल्या. हायवेच्या नाक्यावर, ट्रकांच्या धुरात, पंक्चरचं दुकान. ओली पैठणी, मानेवर घसरलेला गजरा.

पंक्चरवाला उठून उभा राहिला. "मॅडम, शादी से भाग के आयी क्या?"

"स्कूटर की ट्यूब चाहिए. नयी."

"कौनसी स्कूटर?"

"स्कूटर नहीं है."

त्याने नवी ट्यूब दिली. मॅडमनी तुकडा कापून घेतला, एक टोक अंगठ्याने दाबलं आणि दुसरं टोक तोंडात धरून ओढलं. नळी चपटी होते का ते बघायचं होतं. होईना. गाल दुखले. शेजारी चहा पिणारे दोन ट्रक ड्रायव्हर पेला हातात धरून बघत राहिले.

"मॅडम," पंक्चरवाला हळूच म्हणाला, "हवा भरने का पंप है मेरे पास."

"भरना नहीं है, निकालना है. पुरानी है कोई?"

त्याने कोपऱ्यातल्या ढिगाऱ्यातून एक काढली. ठिगळं लावलेली, उन्हात पडून पडून सैल झालेली. मॅडमनी तोंडात धरून ओढलं, आणि ती म्हशीने ओठ फुरफुरवावेत तशी फुर्रर झाली. पंक्चरवाल्याने पैसे घ्यायला नकार दिला. मला वाटतं तो घाबरला होता.

तलावावर परत येऊन डेकोरेटरच्या तारेने मॅडमनी ती नळी यंत्राच्या गळ्यात बांधली. पितळी खिळी आणि झडप पर्समध्ये टाकली. यंत्र पाण्यात. आता टक्-टक् नाही. भक्, भक्, भक्, असा ओला आवाज. यंत्र दाण्यांवर गेलं. थांबेल म्हणून मॅडमनी डोळे मिटले.

"चालली गो," पाटलांच्या आई म्हणाल्या. "चालली चिंबोरी. अक्षता खाते बघ कशी."

चालली. मॅडमला एवढंच ऐकू आलं आणि त्या काठावरच बसल्या. पुढची सगळी वर्षं हे यंत्र मी काठावरूनच बघितलं. पाण्याखालून ते कसं दिसतं, दाणा आत जाताना त्या ओठाचं काय होतं, हे मी कधीच बघितलं नाही. पोहायला शिकले असते तर बघता आलं असतं. ते राहिलं.

संध्याकाळी पाण्यात दिवे सोडले तेव्हा तळ स्वच्छ होता. एका कोपऱ्यात थोडे दाणे राहिले होते, तिथे पाटलांनी मोठी कुंडी ठेवली आणि लाइट फिरवला. प्रवीणभाई आले. पाणी बघितलं, मान डोलावली. मग यंत्राचा गळा उघडून बघितला आणि त्यांचं तोंड पडलं.

"मॅडम, हे काय? पंक्चरची ट्यूब? ठिगळवाली?"

"ती बदलू."

"काय बदलू? तुमची झडप कुठे हाय?"

मॅडमनी पर्स उघडून दाखवली.

"हा नमुना नाय, हा जुगाड हाय," प्रवीणभाई म्हणाले. "उद्या मशीन गाळ्यावर आणा. बघू. मग साच्याचं ठरवू."

'बघू' म्हणजे काय ते मॅडमना माहीत होतं. जोडण्या.

दुसऱ्या दिवशी त्या टेंपो घेऊन घोडबंदरला गेल्या. यंत्र तलावाच्या काठावर एका पाटावर ठेवलेलं. पाठीवर हळदीकुंकू. पुढ्यात नारळ आणि ब्लाउजपीस.

"आये, ती कंपनीची हाय," पाटील आईला समजावत होते. "सॅम्पल हाय ती."

"सॅम्पल काय आसते? लग्नाला आली, जेवली, अख्खा दीस राबली. तिची ओटी भरली मी. ओटी भरून घरात घेतली, ती आता घरची. घरची परत पाठवू व्हय?"

"अहो आजी, ती मशीन आहे," मॅडम म्हणाल्या.

"मंग? तुजी बी भरते. थांब."

आणि खरोखरच भरली. मॅडम परत आल्या त्या रिकामा टेंपो आणि भरलेली ओटी घेऊन.

प्रवीणभाईंनी डोकं धरलं. कारण तोपर्यंत त्यांनी काशीमीऱ्याच्या एका हॉटेलमालकाला पाण्यावर चालणारं यंत्र दाखवायचं कबूल करून टाकलं होतं. नमुना परत मागावा तर पाटील मोठं गिऱ्हाईक. दुसरा नमुना हाताने घडवायचा तर परत तेवढीच मेहनत. गाळ्यात दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "साचाच काढू. पण त्या रबराचं आधी पक्कं करा. ते ड्रॉइंगमध्ये आलं नाय, तर साचा नाय. हॉटेलवाला थांबणार नाय."

शफीकभाईंना बोलावलं.

"कौनसा रबर? नंबर बोलो."

"पुरानी स्कूटर की ट्यूब जैसा."

"कितनी पुरानी? किसकी स्कूटर?"

"शफीकभाई!"

"मॅडम, मैंने बोला था ना, रबर धोका देता है." पण ते आले. दर सुटीला मॅडम आणि शफीकभाई घोडबंदरला जायचे, तलावाच्या काठी उकिडवे बसायचे आणि चिंबोरीचा गळा दाबून बघायचे, कोवळी भेंडी बघावी तसा. पाटलांच्या आई खुर्चीवरून राखण करायच्या. "हात लाव. काडू नको." मॅडम बोटाने दाबायच्या, डोळे मिटून लक्षात ठेवायच्या. मग गाळ्यावर येऊन शफीकभाईंनी ओतलेले नमुने दाबायचे. एक कडक निघायचा, ओठ मिटायचाच नाही. पुढचा इतका मऊ, की मिटला की उघडायचा विसरायचा. शफीकभाई मिश्रणात आज हे जास्त, उद्या ते कमी असं करत राहिले, अंदाजाने. तिकडे हॉटेलवाल्याचे फोन येत होते आणि प्रवीणभाई जोडण्यांच्या गोष्टी बोलायला लागले होते.

एका रविवारी शफीकभाई रुमालात गुंडाळून एक नळी घेऊन आले. मॅडमनी डोळे मिटले. शफीकभाईंनी त्यांच्या एका हातात ती दिली आणि दुसरा हात चिंबोरीच्या गळ्यावर ठेवला. मॅडमनी दोन्ही दाबल्या. परत दाबल्या. हात बदलले.

"क्या हुआ?" शफीकभाईंनी विचारलं.

"कळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही सारखंच लागतंय."

"मतलब?"

"मतलब झालं!"

शफीकभाईंनी आनंदाने दोन्ही हात आभाळाकडे केले. पाटलांच्या आईंनी खुर्चीवरून विचारलं, "काय झाला? बाळंत झाली का चिंबोरी?"

"झाली आजी."

"बरा झाला. आता च्या घ्या."

सोमवारी ड्रॉइंग पुरं केलं. प्रत्येक भागापुढे तो कशाचा करायचा ते लिहायचा रकाना असतो. पितळ, प्लॅस्टिक, पोलाद, आणि पुढे त्याचा नंबर. नळीपाशी हात थांबला. शफीकभाईंच्या मिश्रणाला नंबर नव्हता. ते त्यांच्या हाताला माहीत होतं आणि माझ्या बोटाला. रकाना रिकामा सोडला तर साचा नाही. बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं: 'रबर, मऊ, घोडबंदरला आहे तसं.'

प्रवीणभाईंनी वाचलं. चष्मा वर केला, परत वाचलं.

"मॅडम, हे घोडबंदर कुठल्या स्टँडर्डमध्ये येतं?"

"आपल्या," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, माझी पेन्सिल मागून घेतली, ती ओली होती म्हणून पँटला पुसली, आणि सही केली.